गुण्यात नसलेली खोली

खोली म्हटली की ती चौकोनीच असायची, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्याबद्दल कधी कुणी बोलत नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला घर काढायला सांगितलं की सगळा वर्ग आधी चौकोन काढतो, त्यावर त्रिकोण ठेवतो, मग दार आणि खिडकी. मागे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, की झालं घर पूर्ण. पण आपण प्रत्यक्षात राहतो ती घरं डोळ्यांसमोर आणा. जिन्याखालची खोली, छपराला डोकं आपटणारी माळ्यावरची खोली, रस्ता वळला म्हणून त्याच्याबरोबर वळलेली कोपऱ्यावरची खोली, गॅलरी बंद करून काढलेली बोळासारखी खोली. घरमालकाला जिथं जिथं जागा सापडली तिथं तिथं भाड्याची खोली निघालेली असते. अशा खोल्यांत माणसं जन्म काढतात आणि पाहुणे आले की ओशाळं हसून म्हणतात, "जरा अडचण आहे, पण चालतंय."

या अडचणीच्या खोल्यांचा नाद मला लागला तो एका खेळामुळे. संगणकावरचा खेळ म्हटल्यावर आमचे काही प्राध्यापक कपाळाला आठ्या घालतील. पण या खेळात गोळीबार नाही, शर्यत नाही, हार-जीतसुद्धा नाही. 'द सिम्स' हे त्याचं नाव. २००० साली तो अमेरिकेत पहिल्यांदा आला. त्याची चौथी आवृत्ती २०१४ ची, आणि ऑक्टोबर २०२२ पासून तिचा मूळ भाग फुकट मिळू लागला. फुकट झाला म्हणूनच तो आमच्या गल्लीपर्यंत पोचला, नाहीतर अमेरिकेतला खेळ आमच्याकडे कशाला येतोय! माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, कोर्ससाठी एक जुना लॅपटॉप घेतला होता. त्याचा अभ्यास आटोपला की रात्री तासभर तो मला मिळायचा. अट एकच, खेळायचं ते त्यांच्या घरी बसून, कारण लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती आणि वायर आमच्या घरापर्यंत पुरत नव्हती.

खेळ असा : आपण माणसं घडवायची, त्यांना 'सिम' म्हणतात. त्यांना घर बांधून द्यायचं. मग ती माणसं जेवतात, झोपतात, कामाला जातात, भांडतात, आणि बोलतात अशा भाषेत की जी जगात कुणालाच समजत नाही. आपण हे सगळं वरून, छप्पर काढून टाकल्यासारखं बघायचं. आमची आजी एकदा माझ्या मागे येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर भातुकली!" पुढे मी वाचलं की हा खेळ ज्यानं निर्माण केला त्या विल राइटच्या मनातही सुरुवातीला बाहुलीघराचीच कल्पना होती. आजीनं एका मिनिटात ओळखलं.

मला त्या माणसांत फारसा रस वाटला नाही. कुणाचं लग्न कुणाशी लावायचं, कुणाला कुठल्या नोकरीला पाठवायचं, हे मी दादाच्या धाकट्या बहिणीवर सोडून दिलं. मला आवडलं ते बांधकाम. एकट्या सिमला सुरुवातीला २०,००० 'सिमोलिऑन' मिळतात, त्यात घर बसवायचं. पैसे संपले तर 'मदरलोड' असा एक मंत्र टाइप करायचा, की एकदम ५०,००० जमा होतात. (आमच्या घरी हा मंत्र अजून कुणाला साधलेला नाही.) पैशांची ददात मिटली की मग मोठमोठे दिवाणखाने बांधावेत, असं कुणालाही वाटेल. मीही बांधले. पण मैदानासारख्या चौकोनी खोलीत सोफा कुठेही ठेवला तरी चालतो, आणि कुठेही ठेवून चालणारी वस्तू शेवटी कुठेच शोभत नाही. चार दिवसांत कंटाळा आला.

मग कळलं की जगभर हा खेळ खेळणारे लोक मुद्दाम एकमेकांना वेडीवाकडी घरं घालतात, आपण कोडी घालतो तशी. एकानं नुसत्या बाहेरच्या भिंती उभ्या करून द्यायच्या. त्या त्रिकोणी असतील, इंग्रजी एल अक्षरासारख्या असतील, बाणाच्या टोकासारख्या असतील. दुसऱ्यानं त्या भिंती न हलवता आत संसार बसवून दाखवायचा. २०१६ साली या खेळाला शहराची एक पुरवणी निघाली, तीत तर इमारतीतल्या बिऱ्हाडाच्या बाहेरच्या भिंतींना हातच लावता येत नाही. आहे त्यात काय करायचं ते करा. मुंबईत चाळीत राहणाऱ्या माझ्या मावशीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग यात खेळ तो कसला?"

पण खेळ आहे. खेळातली जमीन गणिताच्या वहीसारखी चौकोनांनी आखलेली असते. भिंत ओढायची ती या रेघांवरून, किंवा फार तर चौकोनाच्या कर्णावरून, म्हणजे बरोबर ४५ अंशांत. तिरकी भिंत ओढली की तिच्या कडेचे सगळे चौकोन अर्धे कापले जातात. त्या अर्ध्या चौकोनात काहीच मावत नाही. कपाट ठेवायला गेलं की ते लाल होतं, म्हणजे इथं जमणार नाही. वस्तू तिरकी फिरवता येते. ऑल्टची कळ दाबून ठेवली तर ती चौकोनांची शिस्त सोडून हवी तिथं सरकते. आणि एक असाही गुप्त मंत्र आहे की तो म्हटल्यावर एक वस्तू दुसऱ्या वस्तूत घुसवली तरी खेळ तक्रार करत नाही. दिसायला मग सगळं छान दिसतं. पण सिम बिचारा पलंगाकडे निघतो, मध्येच थबकतो, हातवारे करून आपल्या त्या अगम्य भाषेत गाऱ्हाणं सांगतो. वाट नसते. नुसतं बघायचं घर आणि राहायचं घर यांतला फरक तो सिम असा भर खोलीत उभा राहून सांगतो.

तिरक्या खोल्या लावता लावता माझे काही नियम तयार झाले. पहिला नियम, आधी वाट ठरवायची. दारातून खिडकीकडे, पलंगाकडे, चुलीकडे माणूस कसा जाईल ती रेघ मनात ओढायची, आणि उरलेल्या जागेत सामान लावायचं. आपण नेहमी उलट करतो, आधी सामान लावतो आणि मग सामानातून वाट काढत राहतो. दुसरा नियम, कुठल्या तरी एका भिंतीचं ऐकायचं. काही सामान सरळ भिंतीला धरून आणि काही तिरक्या भिंतीला धरून लावलं की खोली भांडल्यासारखी दिसते. एक भिंत मुख्य मानायची, सगळं जड सामान तिच्याशी जुळवायचं, आणि तिरकी भिंत मोकळी सोडायची. तिसरा नियम, अणकुचीदार कोपऱ्याला एखादं लहानसं काम द्यायचं. तिथं एखादी कुंडी, दिवा, पुस्तकांची उभी मांडणी किंवा एका माणसाची बसायची जागा करायची. बरेच जण आडवी भिंत घालून तो कोपरा कायमचा बंद करून टाकतात आणि खोली चौकोनी करून घेतात. मला ते पटत नाही. खोलीला जो एक स्वतःचा चेहरा होता तोच मग गेलेला असतो. आणि चौथा नियम, निमुळत्या टोकाला शक्य तर खिडकी द्यायची. अंधार असला की अरुंद जागा आणखी अरुंद वाटते.

हे नियम मला वाटलं माझेच. पण ग्रंथालयाच्या संगणकावर वाचताना या खेळाची कुळकथा सापडली, आणि ती खेळापेक्षाही मनात घर करून राहिली. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंड आणि बर्कलीच्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला. त्यात हजारो घरं जळाली, त्यांत विल राइटचंही घर होतं. संसार नव्यानं उभा करताना त्याला एकेक वस्तू पुन्हा विकत घ्यावी लागली, आणि घ्यायच्या आधी विचार करावा लागला की ही आपल्याला कशासाठी हवी? माणसाला जगायला नेमकं लागतं काय? त्या विचारातून हा खेळ आकाराला येत गेला. सुरुवातीला तो घरं बांधण्याचाच खेळ होता. त्यातली माणसं घर चांगलं झालं की वाईट, याची परीक्षा घेण्यापुरती होती. २००० सालच्या पहिल्या खेळात सिमच्या आठ गरजा होत्या : भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, सोबत आणि आठवी, खोली. भूक लागावी तशी चांगल्या खोलीचीही गरज लागते, असं त्या खेळानं मानलं होतं. चौथ्या आवृत्तीत ही आठवी गरज वेगळी दाखवत नाहीत, खोलीचा परिणाम मनःस्थितीवर होतो इतकंच. मला जुनी पद्धत जास्त खरी वाटते.

राइटवर ज्या पुस्तकाचा प्रभाव होता ते ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर लिहिलेलं 'अ पॅटर्न लँग्वेज'. ते १९७७ साली निघालं. शहरापासून खिडकीपाशी बसायच्या जागेपर्यंत २५३ गोष्टींचा विचार त्यात क्रमांक घालून केलेला आहे. प्रत्येक खोलीत दोन बाजूंनी उजेड यावा, असं एक सूत्र. मोठ्या खोलीच्या कडेला एकदोघांना बसता येईल असे लहान कोपरे असावेत, हे दुसरं. जुन्या घरांच्या जाड भिंतींतल्या कोनाड्यांत आणि फडताळांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे नवीन नाही. आणि खोलीच्या आकाराबद्दल तो म्हणतो की ती साधारण चौकोनी असावी, पण कोपरे काटेकोर काटकोनात हवेत असं नाही, काटकोनाच्या जवळपास असले की पुरे. या अलेक्झांडरची आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी चकित झाले. १९६०नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तो आपल्या गुजरातेतल्या एका खेड्यात राहून गेला होता. १९६४ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात ६०० वस्तीच्या एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडून त्यांतून गावाची रचना कशी निघेल हे दाखवलेलं आहे. म्हणजे ज्या खेळाला आम्ही अमेरिकेचा म्हणतो त्याच्या पूर्वजांनी आपल्याकडच्या घरांच्या पडव्याही पाहिलेल्या होत्या.

हे सगळं वाचल्यावर एक दिवस वाटलं, परक्यांची वाकडी घरं किती दिवस लावणार? आपलंच का काढू नये?

आमचं घर आमच्या आजोबांनी बांधलं. आजोबा गवंडी होते. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं ते शाळेची भिंत बांधायला गेले तेव्हा. तालुक्यातल्या कितीतरी भिंती त्यांच्या ओळंब्यानं उभ्या राहिल्या, आणि नेमकी त्यांच्या स्वतःच्या घराची मधली भिंत वाकडी! गवंडीकामात काटकोन बघायच्या हत्याराला गुण्या म्हणतात, आणि कोपरा काटकोनात नसला की 'भिंत गुण्यात नाही' असं म्हणतात. आमची भिंत गुण्यात नाही, हे गल्लीत येणारं प्रत्येक माणूस आम्हाला सांगून जातं.

घर वीस फूट रुंद आणि बावीस फूट खोल. त्याचे दोन वाटे, एक बाबांचा, एक काकांचा. मधली भिंत पुढून मागे तिरकी गेलेली. त्यामुळे आमचा वाटा रस्त्याकडे अरुंद आणि मागे रुंद. काकांचा पुढे रुंद आणि मागे अरुंद. आजी म्हणते, "आपलं गोमुखी आहे, राहायला शुभ. त्यांचं व्याघ्रमुखी, धंद्याला शुभ." काकांचं पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पण शुभ-अशुभानं मनं भरत नाहीत. काकांना रस्त्यावरचा दर्शनी भाग जास्त मिळाला, असं माझ्या आईच्या मनात. मागची मोकळी जागा आम्हाला गेली आणि आपल्याला स्वयंपाकाला बोळ उरला, असं काकूंच्या मनात. भांडण कधीच झालं नाही. पण सणाला पुरणपोळीचं ताट भिंतीपलीकडे पाठवताना आईच्या तोंडून एखादं वाक्य निसटायचं, आणि रिकामं ताट परत येताना तिकडून एखादं यायचं. इतक्या वर्षांत टेप घेऊन कुणी मोजलं मात्र नाही. मोजायचं म्हणजे संशय घेतला असं होतं, आणि संशय तर दोन्हीकडे होता.

मी घर काढायला बसले ती मात्र नुसत्या हौसेनं. एक चौकोन म्हणजे दोन फूट असा हिशोब धरला. रुंदी दहा चौकोन, खोली अकरा. बाहेरच्या भिंती झटकन उभ्या राहिल्या. अडलं ते मधल्या भिंतीशी. आमची भिंत बावीस फुटांत चार फूट सरकते, म्हणजे दहा अंशांच्या आसपास कलते. खेळाला दहा अंश माहीतच नाहीत. तिथं एक तर सरळ जा, नाहीतर एकदम ४५ अंशांत वळा. आमच्या घरासारखा थोडासा, माणसासारखा वाकडेपणा त्याच्या हिशोबात नाही. शेवटी मी भिंतीला पायऱ्या पाडल्या. पुढचे चार चौकोन सरळ, मग एक चौकोन बाजूला सरकून तीन, मग पुन्हा एक सरकून चार. दादा बघून हसला. "ही भिंत आहे का जिना?"

आणखीही बरंच काही त्या खेळात बसेना. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेले कपडे २०२१ साली त्यात आले म्हणतात, पण आमची वळकटी त्यात आलेली नाही. तिथं प्रत्येक सिमला झोपायला पलंग लागतो, आणि पलंग दिवसाही पलंगच राहतो. आमच्याकडे एकाच जागेचं पहाटे एक नाव असतं आणि रात्री दुसरं. आई जिथं सकाळी भाकऱ्या थापते तिथंच दुपारी आजी शेंगा फोडते, संध्याकाळी मी अभ्यासाला बसते आणि रात्री अंथरुणं पडतात. आमच्या पाच माणसांची खोली लहान असूनही पुरते, याचं कारण ती दिवसातून चार वेळा बदलते. हे खेळाला कसं सांगायचं ते मला जमलं नाही.

तरीही मी सामान लावत गेले. शेवटी दोन्ही वाट्यांना फरशी घातली. खेळात फरशीचे पैसे चौकोनामागे पडतात. दोन्हीकडे एकच फरशी घेतली, आणि दोन्हीकडे खर्च सारखा आला. अगदी सारखा. मला वाटलं काही तरी राहिलंय, म्हणून बोटानं चौकोन मोजले. आमच्याकडे ५५. काकांकडे ५५.

पण माझी भिंत पायऱ्यांची, खरी भिंत तिरकी. तेव्हा पायऱ्यांचा हिशोब खऱ्या घराला लागू होईलच असं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातली टेप घेऊन मी आणि दादा दोन्ही घरांत फिरलो. आमच्याकडे पुढे आठ फूट, मागे बारा. त्यांच्याकडे पुढे बारा, मागे आठ. आठ आणि बारांची सरासरी दहा, दहा गुणिले बावीस, २२० चौरस फूट. दोन्हीकडे २२०. दादानं कागदावर एक वाटा कापला, उलटा फिरवून दुसऱ्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

संध्याकाळी मी आजीला म्हटलं, "आजी, दोन्ही वाटे सारखेच आहेत गं."

आजी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? कमी-जास्त कशाला करतील ते?"

"मग हे तू कधी सांगितलं नाहीस?"

"इचारलं कुणी?"

मग तिनं सांगितलं. वाटणीच्या दिवशी आजोबांनी मोकळ्या घराच्या बरोबर मधोमध एक खुंटी ठोकली. तिच्यावरून एक दोरी पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत ताणली. आधी दोरी सरळच होती. काका म्हणाले, एवढ्यात दुकान बसत नाही, सायकली उभ्या कुठं करू? आजोबांनी पुढचं टोक वीतभर सरकवलं, तशी मागे दोरी दुसऱ्या अंगाला वीतभर सरकली. आजी म्हणाली, मोठ्याकडं मी राहणार, मला मागं चूल आणि न्हाणी नीट पाहिजे. पुन्हा दोरी फिरली. असं करत करत पुढे चार हात दुकानाला आणि मागे तेवढीच जागा चुलीला अशी दोघांचीही सोय जिथं झाली तिथं आजोबा थांबले, आणि दोरीखाली चुना टाकला. "पोरांनो, खुंटी हलवायची नाही, दोरी पाहिजे तेवढी फिरवा," असं ते म्हणाले होते, हे आजीला अजून जसंच्या तसं आठवतं.

मधल्या बिंदूतून कुठलीही सरळ रेघ काढा, काटकोन चौकोनाचे दोन सारखेच भाग होतात, मग ती रेघ कितीही तिरकी असो. हे भूमितीत सिद्ध करता येतं, आणि दादानं कागद कापून तेच केलं होतं. आजोबांनी कुठलंही पुस्तक न उघडता ते खुंटी ठोकून केलं. त्यांना सरळ भिंत बांधता येत नव्हती असं थोडंच होतं? सरळ भिंतीत दोघांनाही जागा सारखी मिळाली असती, पण दुकानही झालं नसतं आणि चूलही नीट बसली नसती. गल्लीभर ज्या भिंतीला लोक हसले ती भिंत आजोबांच्या हातची सगळ्यात हिशोबी भिंत होती.

रविवारी दादानं लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवला, वायर दुकानातून ओढून घेतली. आई, काकू, बाबा, काका सगळे भोवती उभे. छप्पर नसलेलं आपलं घर वरून बघायला सगळ्यांनाच मजा वाटली. काका म्हणाले, "माझी सायकलींची रांग कुठाय?" दादानं ५५ आणि ५५ सांगितले, मग २२० आणि २२० सांगितले. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं काकूंनी विचारलं, "मागं मोजताना न्हाणी धरली का?" आईनंच उत्तर दिलं, "धरली. मी टेप धरली होती." एवढंच. बाबा त्या पायऱ्यांच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग उठून ओट्यावरून खाली उतरले.

या घटनेनं सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. दादाला आता वर स्लॅब टाकायचा आहे, आणि त्याचं म्हणणं, स्लॅब टाकताना भिंत सरळ करून घेऊ. आता दुकान छोटं झालं तरी चालेल, कारण सायकली पूर्वीइतक्या येत नाहीत. काकांचं मन होत नाही. आईला मागची जागा सोडवत नाही. बोलणी चालू आहेत, मधूनच तापतातही. पण आता बोलणं होतं ते कुणाला कशाची गरज आहे यावर. कुणाला जास्त मिळालं, हा विषय निघत नाही. दोरी फिरवायची की नाही एवढाच प्रश्न उरला आहे; खुंटी कुठं आहे ते दोन्ही घरांना माहीत झालं आहे.

मधल्या काळात मी खेळातले माझे नियम आमच्या खोलीला लावून पाहिले. आमचा पलंग तिरक्या भिंतीच्या अंगाला असे. त्याचं पुढचं टोक भिंतीला टेकायचं आणि मागच्या टोकाशी फूटभर पाचर राहायची. तीत केरसुणी, छत्र्या, सूप, जुनी परात असा सगळा संसार खुपसलेला. पलंग आणि कपाट दोन्ही सरळ भिंतीला नेलं. तिरकी भिंत मोकळी ठेवली, तिच्या कडेनं पुढच्या दारापासून चुलीपर्यंत सरळ वाट झाली. आणि मागे, जिथं खोली सगळ्यात रुंद होते त्या कोपऱ्यात, खिडकीखाली बाबांनी एक फळी ठोकून दिली. दोन फूट रुंद. तिथला कोन ९० अंशांचा नाही, ८० च्या आसपास आहे. अलेक्झांडरसाहेबांनी तो चालवून घेतला असता. वहीचा एक कोपरा भिंतीला जरा तिरका टेकतो. आता रात्री अंथरुणं पडल्यावरही मला उठावं लागत नाही. घरात कॉलेजला जाणारं पहिलंच माणूस मी, त्यामुळे अभ्यासाला जागा लागते हे घरालाही नव्यानंच कळत होतं.

खेळ मी अजून खेळते. फरक एवढाच पडला आहे की कुणाचं वेडंवाकडं घर समोर आलं की आता लगेच सामान लावायला घेत नाही. आधी बघते की ही भिंत इथं का वळली असेल. खेळात तिला बहुधा काहीच कारण नसतं, कुणीतरी गंमत म्हणून ओढलेली असते. पण खऱ्या घरात कारण असतं. कुठे झाड असतं, कुठे आड असतो, कुठे शेजाऱ्याची वाट, कुठे दोन भावांची गरज. आपल्या वर्गात कितीतरी जण अशाच खोल्यांतून येतात. त्यांनी एकदा घरी गेल्यावर टेप घेऊन आपली खोली मोजून पाहावी, आणि मोजून झाल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं.